सीमाभागात सोलर, गोबरगॅस आणि सौरपंप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या भागांतून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. टीव्हीवर आणि मराठी वर्तमानपत्रांत येणारी बरीचशी माहिती महाराष्ट्रातल्या ग्राहकांसाठी असते. आपलं बिल मात्र हेस्कॉम या कर्नाटकातल्या वीज कंपनीचं (हुक्केरीत सहकारी संस्थेचं), म्हणून हिशेबही वेगळा बसतो. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात जात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आम्हाला २०० युनिट फुकट आहेत. मग छतावर सोलर बसवायचं कशाला?

तुमचं बिल शून्य येत असेल तर बसवू नका. सोलरमुळे वाचतात ते पैसे तुम्ही आज बिलापोटी भरत असलेले. काही भरतच नसाल तर वाचणार काय?

कर्नाटक सरकारच्या गृहज्योती या मोफत वीज योजनेचा नियम नीट समजून घ्या. २०२२-२३ मधला तुमचा मासिक सरासरी वापर अधिक १० टक्के (सरासरी ४८ युनिटपेक्षा कमी असेल तर अधिक १० युनिट), एवढाच तुमचा मोफत हक्क. सरासरी ९० युनिट असेल तर ९९ युनिट मोफत. १५० वापरले तर वरच्या ५१ युनिटचे पैसे भरायचे. २०० च्या वर गेलात तर त्या महिन्याचं पूर्ण बिल भरायचं.

म्हणून २१० ते २६० युनिटमध्ये अडकलेल्या घराने आधी पंखे बघावेत. जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, बीएलडीसी पंखा २८ ते ३०. पाच पंखे दिवसाला दहा तास फिरत असतील तर महिन्याला सुमारे ६७ युनिट वाचतात. पंखे बदलायला पंधरा हजारांच्या आसपास खर्च येतो आणि घर २०० च्या आत येतं. त्याच घरात तीन किलोवॅटचं सोलर दीड लाखाच्या पुढे जातं.

सोलर खरोखर परवडतं ते दर महिन्याला ३०० युनिटच्या वर जाणाऱ्या घराला. आंघोळीला गीझर, वर एसी, घरामागे बोअरची मोटार, असं ते घर असतं. बाकीच्यांनी प्रश्न १० आणि १३ आधी वाचावेत. सीमाभागातल्या बहुतेक शेतकरी घरांचा खरा खर्च सिलिंडर आणि जळणावर होतो, विजेवर कमी.

२. किती किलोवॅटचं घ्यायचं ते कसं ठरवायचं?

मागची बारा बिलं काढा. बिलावर 'बळके' या कन्नड शब्दापुढचा आकडा म्हणजे वापरलेली युनिटं. बारा महिन्यांची बेरीज १,४०० ने भागा, आलेला आकडा म्हणजे किलोवॅट. या भागात एक किलोवॅट वर्षाला साधारण १,४०० युनिट देतं. सरासरी दिवसाला चार, पण मार्च-एप्रिलमध्ये पाचच्या जवळ आणि जुलैत दोनच्या आसपास. एकाच महिन्याच्या बिलावरून ठरवलं की चूक होते. मे महिन्याचं बिल दाखवून पाच किलोवॅट गळ्यात मारणारे बरेच आहेत.

३. तीन किलोवॅटला जागा, पैसे आणि अनुदान किती?

साधारण ५४५ वॅटची सहा पॅनेलं लागतात. एक पॅनेल सव्वादोन मीटर लांब, सव्वा मीटरहून थोडं कमी रुंद आणि २८ किलोच्या आसपास वजनाचं. मधल्या मोकळ्या जागेसकट सावलीविरहित ३०० चौरस फूट धरा. पॅनेलांचं तोंड दक्षिणेला आणि कल १५ अंशांच्या जवळपास.

केंद्राच्या पीएम सूर्यघर या छतावरच्या सोलरच्या योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० मिळतात. म्हणजे जास्तीत जास्त ७८,०००. चार किंवा पाच किलोवॅट बसवलं तरी ७८,००० च. अनुदान फक्त घरगुती जोडणीला आहे. पिठाची गिरणी, दुकान, काजू कारखाना यांना नाही. पॅनेल भारतात बनवलेल्या सेलचं, म्हणजे 'डीसीआर', असायलाच हवं. कोटेशनमध्ये हा शब्द लिहून घ्या, कारण साधं पॅनेल स्वस्त पडतं आणि ते लावलं की अनुदान जातं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर पॅनेलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे. जुन्या दराचं कोटेशन कुणी पुढे केलं तर नवीन मागा.

४. अर्ज कुठे आणि कसा करायचा?

पीएम सूर्यघरच्या राष्ट्रीय पोर्टलवर. राज्य कर्नाटक, वीज कंपनी हेस्कॉम, मग बिलावरचा अकाउंट आयडी. आर.आर. नंबर आणि अकाउंट आयडी हे दोन वेगळे आकडे आहेत. अनेक अर्ज इथेच अडतात. हुक्केरी तालुक्यात वीज हेस्कॉमची नसून ग्रामीण विद्युत सहकारी संस्थेची आहे, त्यामुळे तिथल्या ग्राहकांनी यादीत तिचं नाव निवडावं.

१० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीसाठी थांबावं लागत नाही, मंजुरी गृहीत धरली जाते. त्यानंतर पोर्टलवर नोंद असलेला विक्रेता निवडायचा, बसवून घ्यायचं, नेट मीटरसाठी (लाईनवर दिलेली आणि लाईनवरून घेतलेली, दोन्ही वीज मोजणारा मीटर) अर्ज करायचा. कंपनीचा माणूस येऊन तपासणी करतो, मीटर बदलतो, दाखला पोर्टलवर चढतो. मग तुम्ही बँकेचा तपशील भरायचा. अनुदान तुमच्या खात्यात येतं, विक्रेत्याच्या नाही.

पैसे टप्प्याने द्या. निदान १५ ते २० टक्के रक्कम नेट मीटर बसेपर्यंत हातात ठेवा. पॅनेलं बसली की विक्रेत्याची घाई संपते आणि मीटरसाठी हेलपाटे तुमच्या वाट्याला येतात.

नावाचा घोळ हे आपल्याकडचं खास दुखणं आहे. बिलावर नाव कन्नड उच्चाराने लिहिलेलं, आधारवर मराठी वळणाचं, बँकेत तिसरंच. अर्जाच्या आधी वीज कंपनीच्या सेक्शन ऑफिसात अर्ज देऊन बिलावरचं नाव आधारप्रमाणे करून घ्या. वेळ जातो, पण नंतर दुरुस्ती करण्यापेक्षा हे सोपं. बिल आजोबांच्या नावावर असेल तर प्रश्न १७ पाहा.

५. लाईट गेली की सोलर चालतंय काय?

नाही. नेट मीटरवरचा साधा इन्व्हर्टर लाईट गेली की स्वतः बंद होतो, भर दुपारी ऊन असलं तरी. खांबावर काम करणाऱ्या लाईनमनच्या अंगात तुमच्या छतावरचा करंट जाऊ नये म्हणून ही सोय आहे. हिच्याशी छेडछाड करू नका, माणूस मरतो.

लाईट गेल्यावरही घर चालवायचं असेल तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. चार दिवे, तीन पंखे, टीव्ही चार तास चालवायला साधारण एक ते सव्वा युनिट साठवण पुरते. बॅटरीला केंद्राचं अनुदान नाही. घरात चालू इन्व्हर्टर-बॅटरी असेल तर ती तशीच राहू द्या, ती लाईनवर भरते आणि सोलरच्या आड येत नाही.

६. घर कौलारू आहे. वर पॅनेलं बसतात काय?

बसवता येतात, पण आमचा सल्ला आहे की बसवू नका. मंगळुरी कौलांखालच्या रिपा वजन घेत नाहीत. पकड वाशांवर यायला हवी आणि पन्नास वर्षांचे वासे आतून वाळवीने खाल्लेले असतात. पॅनेलांचं वजन चौरस मीटरला १२ ते १५ किलो, ते वासे कदाचित झेलतीलही. खरा धोका वळवाच्या वाऱ्याचा आहे. वारा पॅनेलाखाली शिरून वर उचलतो, तेव्हा कौलं, रिपा सगळंच घेऊन जातो. शिवाय दर उन्हाळ्यात कौलं शाकारायची असतात, तेव्हा पॅनेलं आडवी येतात.

तीन पर्याय आहेत. न्हाणीघराची किंवा पडवीची स्लॅब असेल तर ती. गोठ्याचा पत्रा, पण खालचे खांब आणि कैच्या लोखंडी असतील तरच. नाहीतर परसात चार खांबांचा सांगाडा: दोन-अडीच फूट खोल काँक्रीटचा पाया आणि गरम जस्तात बुडवलेलं, ८० मायक्रॉन थराचं लोखंड. नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्या. रंग लावलेलं साधं अँगल खानापूरच्या पावसात तीन-चार वर्षांत गंजतं.

७. जांबोटी-कणकुंबीकडं चार महिने ऊनच दिसत नाही. तिथं काय उपयोग?

नेट मीटर असेल तर उपयोग आहे. उन्हाळ्यात जास्तीची वीज लाईनवर जाते, पावसाळ्यात तुम्ही लाईनवरून घेता. पण जास्तीच्या युनिटला वीज नियामक आयोगाने ठरवलेला दर मिळतो, तुम्ही विकत घेता त्यापेक्षा कमी. म्हणून घाटमाथ्यावर प्रश्न २ मधल्या हिशेबातून येणाऱ्या आकारापेक्षा थोडा लहानच घ्या.

फक्त बॅटरीवर चालणारी यंत्रणा मात्र या पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये हात टेकते. जंगलातल्या वाडीवर लाईनच नसेल तर दिवे, मोबाइल आणि एखादा पंखा एवढ्यापुरतीच तिची अपेक्षा ठेवा आणि बॅटरी तीन ढगाळ दिवस पुरेल अशी घ्या.

८. वळवाच्या विजांची भीती वाटते. काय काळजी घ्यायची?

तीन वेगळ्या अर्थिंग हव्यात: पॅनेलांच्या बाजूला एक, इन्व्हर्टरच्या एसी बाजूला (जिथून घराला वीज जाते) एक, आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या वीजरोधकाला एक. तिन्ही एकाच खड्ड्यात घातलेल्या अनेकदा दिसतात, तसं चालत नाही. रोध पाच ओहमच्या आत आहे हे मीटर लावून दाखवायला सांगा. जांभ्या दगडात आणि मुरमात हा आकडा उतरत नाही, तिथे खड्डा खोल घ्यावा लागतो आणि दर उन्हाळ्यात पाणी घालावं लागतं. डीसी (पॅनेलांकडची) आणि एसी दोन्ही पेट्यांत एसपीडी, म्हणजे अचानक चढलेल्या व्होल्टेजपासून वाचवणारं उपकरण, असल्याची खात्री करा. त्यावरची खिडकी हिरवी म्हणजे चालू, लाल झाली की बदला.

९. पहिल्या वर्षी छान चाललं, आता युनिटं कमी पडतात. का?

बहुधा पुढच्यांपैकी एक कारण असतं. सगळ्यांत जास्त वेळा धूळ. साखर कारखान्याच्या हंगामात चिमणीची काजळी आसपासच्या गावांत पॅनेलावर बसते आणि नुसत्या पाण्याने जात नाही, मऊ फडक्याने पुसावी लागते. सकाळी लवकर पुसा. तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर काच तडकते. बोअरच्या जड पाण्याने पांढरे डाग राहतात, म्हणून शेवटचा हात जड नसलेल्या पाण्याचा द्या.

दुसरं कारण सावली. शेजारच्या नारळाची झावळी वर्षभरात वाढते, आणि एका पॅनेलावरच्या छोट्या सावलीने पूर्ण ओळीचं उत्पादन पडतं.

तिसरं फारसं कुणी बघत नाही. गावात दुपारी वापर कमी असतो, लाईनवरचं व्होल्टेज वर चढतं आणि इन्व्हर्टर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. ट्रान्सफॉर्मरजवळच्या घरांत हे जास्त होतं. इन्व्हर्टरच्या पडद्यावर दुपारी बारा ते दोनमध्ये 'ग्रिड ओव्हर व्होल्टेज' दिसतं का ते पाहा. दिसलं तर फोटो काढून सेक्शन ऑफिसात लेखी तक्रार द्या. उपाय ट्रान्सफॉर्मरच्या टॅपिंगवर (व्होल्टेज कमी-जास्त करायच्या जोडणीवर) आहे, तुमच्या घरात नाही. घरापासून मीटरपर्यंतची वायर बारीक असली तरी हेच होतं, आणि तेवढं तुम्ही बदलू शकता.

१०. गोबरगॅसला किती जनावरं लागतात?

पाच-सहा माणसांच्या स्वयंपाकाला दोन घनमीटरचा प्लांट पुरतो. त्याला रोज ५० किलो ताजं शेण आणि तेवढंच पाणी लागतं. गाय दिवसाला दहा किलोच्या आसपास देते, म्हैस पंधरा. म्हणजे गोठ्यात बांधलेली चार ते पाच जनावरं. खानापूर भागात गुरं दिवसभर रानात सोडतात, तिथे निम्मं शेण रानातच पडतं. अशा घराने जनावरं दुप्पट धरावीत किंवा एक घनमीटरचा प्लांट घ्यावा.

एक घनमीटर गॅस म्हणजे सुमारे ४३० ग्रॅम सिलिंडरचा गॅस. दोन घनमीटर पूर्ण चालला तर महिन्याला २५ किलोच्या आसपास, म्हणजे पावणेदोन सिलिंडर. वर प्लांटमधून बाहेर पडून शेतात जाणारी शेणाची मळी वेगळीच, आणि ऊस किंवा भाजीपाला असेल तर तिची किंमत गॅसपेक्षा कमी समजू नका.

जागा उन्हातली, स्वयंपाकघरापासून दहा मीटरच्या आत, विहिरीपासून निदान पंधरा मीटर दूर. तांबड्या जमिनीत दीनबंधू पद्धतीचा विटांचा घुमट चांगला टिकतो. चिकोडी-निपाणीकडच्या काळ्या जमिनीत तोच घुमट तडकतो, कारण माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिथे भोवती वाळूचा थर भरा किंवा तयार टाकी घ्या.

११. प्लांट सुरू कसा करायचा?

पहिल्या भरणीला साधारण दोन टन शेण आणि तेवढंच पाणी लागतं. महिनाभर आधीपासून शेजाऱ्यांकडून साठवा. गवत, काडी, माती काढून कालवा. चालू प्लांटमधली दहा-वीस बादल्या मळी आणून घातली की लवकर लागतो.

पंधरा दिवस ते महिन्यात गॅस जमतो. पहिला गॅस पेटत नाही, तो सोडून द्यायचा, आणि प्लांटजवळ काडी ओढायची नाही. नळीला उतार द्या आणि सगळ्यांत खालच्या जागी पाणी काढायची तोटी बसवा. पावसाळ्यात गॅस अडतो तो बहुतेक वेळा नळीत साचलेल्या पाण्यामुळे. जोडांवर साबणाचा फेस लावून गळती तपासा. शेगडी गोबरगॅसचीच घ्या, सिलिंडरच्या शेगडीचं छिद्र बारीक पडतं.

रिकाम्या टाकीत कुणीही उतरू नये. गाळ काढायचा असेल तरी नाही, एक मिनिटासाठीही नाही. आतला वायू माणसाला ओरडूही देत नाही, आणि वाचवायला उतरलेला दुसराही जातो.

१२. डिसेंबरमध्ये गॅस निम्म्यावर येतो. प्लांट बिघडला का?

नाही, थंडीने जंतू मंदावतात. शेण कोमट पाण्यात कालवा, दुपारी घाला, घुमटावर पाचटाचा जाड थर टाका. थंडी नसतानाही गॅस घटला तर गोठा धुतल्याचं फिनेल आत जातंय का ते बघा. आजारी जनावराला अँटिबायोटिक दिलं असेल तर आठवडाभर त्याचं शेण घालू नका. बेळगुंदी-खानापूरसारख्या जास्त पावसाच्या भागात पावसाळ्यात टाकी रिकामी करू नका. भोवतीचं पाणी भिंतींना आत ढकलतं.

१३. बंब काढून सोलर हीटर घ्यावा का?

घ्या, पण बंब काढू नका. पाच माणसांना २०० लिटरचा, वीस नळ्यांचा हीटर पुरतो आणि वर्षातले आठ-नऊ महिने जळण वाचवतो. पावसाळ्यात बंब लागणारच.

गार पाण्याच्या टाकीचा तळ हीटरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा एक-दोन फूट वर हवा. तसं नसेल तर पाणी चढत नाही, आणि बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच असतं. हवा जायची नळी कधीही बंद करू नका. पाणी जड असेल तर तांब्याच्या नळ्यांचा नको, काचेच्या नळ्यांचा घ्या.

१४. शेतपंपाला वीज फुकट आहे. मग सौरपंप कुणी घ्यावा?

१० एचपीपर्यंत वीज मोफत आहे, पण थ्री-फेज सात तासच आणि ती बऱ्याचदा रात्री. विहिरीवर लाईन असेल आणि रात्रीच्या पाळीचा त्रास नसेल तर सौरपंपाची गरज नाही. नवी विहीर किंवा बोअर लाईनपासून ५०० मीटरहून लांब असेल तर मात्र तोच मार्ग आहे.

सौरपंपांसाठीच्या केंद्राच्या कुसुम योजनेच्या 'ब' घटकात केंद्र ३० टक्के, राज्य ५० टक्के, शेतकरी २० टक्के. काम राज्याची क्रेडल संस्था बघते आणि अर्ज सौरमित्र पोर्टलवर होतो. याच योजनेच्या 'क' घटकात गावाचा संपूर्ण फीडर (पंपांना वीज देणारी मुख्य लाईन) सौर केंद्राला जोडतात. त्यात तुमचा पंप आहे तसाच राहतो, वीज दिवसा येते.

पाण्याचा हिशेब असा. पाच एचपीला ४,८०० वॅटची पॅनेलं येतात. ५० मीटरवरून पाणी उचलायचं असेल तर चांगल्या उन्हाच्या दिवशी एक लाख लिटरच्या वर मिळतं. एका एकरावर एक इंच पाणी म्हणजे सुमारे १ लाख ३ हजार लिटर. उसाला पाटाने तीन इंच देणार असाल तर एकराला जवळपास तीन दिवस. ठिबकवर हाच पंप कितीतरी जास्त क्षेत्र सांभाळतो. अर्जात पाण्याची पातळी मे महिन्यातली लिहा. ऑक्टोबरची लिहिली तर उन्हाळ्यात पंप कोरडा फिरतो.

पावसाळ्यात पॅनेलं रिकामी बसतात. सर्व कामांना चालणारा कंट्रोलर घेतला तर त्यावर कडबा कुट्टी किंवा छोटी गिरणी चालते.

१५. शेत वेदगंगेच्या काठाला आहे. पुरात काय होईल?

पॅनेल आणि कंट्रोलर २०१९ च्या पूररेषेच्या वर बसवा. २०२१ ला पाणी पुन्हा आलंच. नदीजवळ फक्त मोटार ठेवा, केबल लांब घ्या आणि लांबीप्रमाणे जाड. काठावर काँक्रीटचे खांब उभे केले तरी वाहून येणारे ओंडके सांगाडा वाकवतात. दूधगंगा, हिरण्यकेशी, कृष्णा या काठांनाही हेच लागू.

१६. घर बेळगावात, जमीन महाराष्ट्रातल्या चंदगडला. 'मागेल त्याला सौर कृषिपंप' मिळेल काय?

मिळेल. मीटर आणि जमीन ज्या राज्यात, अर्ज त्या राज्यात. चंदगडच्या सातबाऱ्यावर तुमचं नाव असेल तर महावितरणकडे अर्ज करा. तिथे शेतकऱ्याचा वाटा १० टक्के आहे, अनुसूचित जाती-जमातींना ५. कर्नाटकातल्या पहाणी उताऱ्यावर तो अर्ज चालत नाही. छतावरच्या सोलरचं केंद्राचं अनुदान दोन्ही राज्यांत सारखं आहे.

१७. मीटर आजोबांच्या नावावर, घरात तीन भाऊ. अर्ज कुणी करायचा?

बिलावर ज्याचं नाव त्यानेच. आजोबा हयात नसतील तर आधी नाव बदलून घ्या: मृत्यूचा दाखला, वारसांची संमती आणि ग्रामपंचायतीचा ई-स्वत्तू (मालमत्तेचा) उतारा जोडून. वाटणी व्हायची असेल तर ती आधी होऊ द्या. अनुदान घेतल्यानंतर पॅनेलं कुणाची, यावरून भाऊबंदकी होऊ नये.

१८. गावाने मिळून काही करता येईल का?

येईल. अपार्टमेंट किंवा वसाहतीच्या सामायिक दिव्यांना आणि पंपाला किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात, ५०० किलोवॅटपर्यंत. मंदिर, मंडळ, दूध डेअरी यात बसत नाहीत. डेअरीचा वापर मात्र दिवसाचा असतो, त्यामुळे विनाअनुदानही तिचा हिशेब जमतो. सूर्यघर योजनेत प्रत्येक जिल्ह्यातल्या एका आदर्श सौर गावाला एक कोटी रुपये आहेत. ५,००० हून जास्त वस्तीची गावं स्पर्धेत उतरतात आणि सौर क्षमता सर्वाधिक असलेलं गाव निवडलं जातं. मोठ्या गावांच्या ग्रामपंचायतींनी हा विषय ग्रामसभेत घ्यायला हवा.

१९. फोन आला, 'कुसुममध्ये नंबर लागला, ५,६०० भरा'. खरं आहे का?

खोटं. फोनवर किंवा क्यूआर कोडवर कोणतीही सरकारी योजना पैसे मागत नाही. भरले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवा.

२०. दोन वर्षांनी वर मजला चढवायचा आहे. आत्ता बसवू की थांबू?

बसवा, पण तसं सांगून. सांगाडा स्लॅबला न जोडता नटबोल्टचा, खाली वजनाचे ठोकळे ठेवून घ्या, म्हणजे स्लॅबला भोकं पडत नाहीत. कॉलमच्या वर सोडलेल्या सळ्यांची सावली पॅनेलावर येणार नाही अशी जागा निवडा. इन्व्हर्टर तळमजल्यावर ठेवा आणि केबलचं पाइप भिंतीबाहेरून दोन मीटर जादा वायर गुंडाळून न्या. पॅनेलं उतरवण्याआधी सेक्शन ऑफिसाला लेखी कळवा, आणि उतरवून परत चढवण्याचा दर आजच्याच कोटेशनमध्ये लिहून घ्या.